अण्णांच्या मागची कागदपत्रं आणि एक फुलस्केप वही

डिसेंबर २०२४ मध्ये अण्णा, म्हणजे माझे वडील, गेले. पुण्यात, रुग्णालयात, थोड्याच दिवसांच्या आजारानं. ते जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. घर आणि थोडी शेती सातारा जिल्ह्यात, मी पुण्यात, धाकटा भाऊ बंगळुरूला. त्यांच्या मागे जे जे कागदोपत्री करावं लागतं ते आता बहुतेक उरकलंय. या सगळ्या काळात मला खरा आधार झाला तो लिहून ठेवण्याचा, म्हणून दोन्ही गोष्टींबद्दल एकत्रच लिहितेय. ज्यांच्या घरी नुकतंच असं काही झालंय, त्यांनी यातलं फक्त कामाचं तेवढं उचललं तरी चालेल.

पहिले दहा-बारा दिवस घरात माणसांचा राबता होता. येणारा प्रत्येक जण आपुलकीनं काहीतरी सांगून जायचा. दाखल्याच्या भरपूर प्रती काढून ठेवा. पेन्शनच्या ऑफिसला लगेच कळवा. बँकेत इतक्यात काही बोलू नका, खातं गोठवतात. नाही नाही, आधी बँकेतच सांगा. तीन महिन्यांच्या आत वारस नोंद लावा, नाहीतर पुढं त्रास होतो. कुणाचंच वाईट नव्हतं मनात, पण निम्मं सांगणं एकमेकांच्या विरुद्ध होतं. रात्री डोळे मिटले की हीच वाक्यं पुन्हा ऐकू यायची आणि मधेच अण्णांच्या तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क दिसायचा. नीट रडूही यायचं नाही. रडायला बसलं की वाटायचं, काहीतरी राहून जातंय, कुठलीतरी मुदत चुकतेय.

तेराव्याच्या आदल्या रात्री आचाऱ्याच्या सामानाची यादी करायला आणलेली फुलस्केप वही स्वयंपाकघराच्या ओट्यावर पडली होती. झोप येत नव्हती म्हणून मी ती उचलली आणि मागच्या बाजूनं लिहायला लागले. मुद्दाम असं काही ठरवलं नव्हतं, डोक्यात येईल ते ओळीखाली ओळ लिहीत गेले. दाखला. आईच्या पेन्शनचं काय. पतसंस्थेत किती आहेत ते कुणाला माहीत आहे. अण्णांचा फोन बंद करायचा का. दुसऱ्या डॉक्टरांना आधीच दाखवायला हवं होतं का. विहिरीवरच्या मोटारीचं बिल. आई एकटी कशी राहणार. अण्णांनी शेवटी काय म्हटलं ते मला नीट ऐकू आलं नाही.

दीड-दोन पानं भरल्यावर हात थांबला. मग मी प्रत्येक ओळीपुढं एक खूण केली. जे काम आहे त्यापुढं 'का', जे कुणाला तरी विचारायचं आहे त्यापुढं 'वि', आणि ज्याचं आता काहीच करता येणार नाही त्यापुढं नुसती आडवी रेघ. रेघा सर्वांत जास्त निघाल्या. कामं मोजकीच होती. इतके दिवस मला वाटत होतं की अंगावर कामांचा डोंगर आहे. कागदावर बघितलं तेव्हा कळलं की डोंगर दुःखाचा आहे आणि कामं त्यात मिसळून गेली आहेत. त्या रात्री एकही काम झालं नाही, पण झोप मात्र लागली.

तेव्हापासून ती वही माझ्या पिशवीत राहिली.

दाखला

मृत्यूची नोंद जिथं मृत्यू झाला तिथं होते, मूळ गावी होत नाही. आमच्या बाबतीत ती पुण्यात महापालिकेकडं झाली. रुग्णालयात मृत्यू झाला तर कळवण्याची जबाबदारी रुग्णालयाची असते. २१ दिवसांच्या आत नोंद झाली तर विलंबशुल्क लागत नाही. इथं सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे रुग्णालयात त्या वेळी जो माहितीचा फॉर्म भरून घेतात तो. आमचा फॉर्म पहाटे माझ्या भावानं भरला. त्यानं अण्णांचं आधार कार्ड समोर ठेवून एकेक अक्षर बघून नाव लिहिलं, वडिलांचं नाव, आईचं नाव, पत्ता, सगळं. त्या क्षणी कुणालाच भान नसतं, पण कुणातरी एकानं हे शांतपणे करावं. दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव तंतोतंत जुळलं की पुढच्या प्रत्येक टेबलावरची एक शंका कमी होते.

प्रती दहा काढल्या. दोन-तीन जागी मूळ प्रत ठेवून घेतात, बाकी ठिकाणी मूळ दाखवून झेरॉक्स चालते. सगळ्या कागदांचा एकेक स्वच्छ फोटो काढून भावाबरोबर एका सामायिक फोल्डरमध्ये टाकला. त्याला बंगळुरूहून दर वेळी येणं शक्य नव्हतं, पण कुठला कागद आहे आणि कुठला नाही हे त्यालाही दिसत होतं.

आणि अण्णांचं सिम कार्ड बंद केलं नाही. रिचार्ज चालू ठेवला. बँक, गॅस, वीज, विमा, सगळीकडचे ओटीपी त्याच नंबरवर येत होते. हे आम्हाला शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तर काकांनी सांगितलं. तेराव्याच्या गर्दीत ऐकलेल्या सगळ्या सल्ल्यांत हा सर्वांत उपयोगी ठरला.

जानेवारी: पेन्शन आणि बँक

अण्णांच्या कपाटात त्यांची खिशातली डायरी सापडली. शेवटच्या पानांवर त्यांच्या टाचण वहीतल्यासारख्या ठसठशीत अक्षरात सगळे नंबर होते: पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) क्रमांक, बँकेचं खातं, पतसंस्थेच्या ठेव पावत्या, वीज ग्राहक क्रमांक, गॅसचा नंबर. काही नोंदींपुढं तारखाही. आईला त्यातलं काही माहीत नव्हतं, आम्हालाही नव्हतं. हे एक पान नसतं तर निम्मा जानेवारी शोधाशोधीत गेला असता.

कौटुंबिक निवृत्तिवेतनासाठी आईच्या नावाचा अर्ज, मृत्यूचा दाखला, पीपीओची प्रत, आईचं आधार, पॅन, पासबुक आणि फोटो एवढं लागलं. आईचं नाव अण्णांच्या निवृत्तीच्या वेळीच कागदावर लागलेलं होतं, त्यामुळं नवीन काही सिद्ध करावं लागलं नाही. ही रक्कम साधारणपणे शेवटच्या मूळ वेतनाच्या ३० टक्के आणि त्यावर महागाई भत्ता अशी असते. एक सांगते: मृत्यूनंतरच्या काळाचं पेन्शन चुकून खात्यात जमा झालं तर ते काढू नका. ते परत वळतं करून घेतात आणि तेव्हा खात्यात पैसे नसले तर उगाच पत्रव्यवहार वाढतो. त्याच कारणासाठी एटीएम कार्डही बाजूला ठेवून द्यावं.

बँकेच्या खात्याला आईचं नामनिर्देशन होतं. दाव्याचा फॉर्म, दाखला आणि केवायसी दिलं, पंधरवड्यात रक्कम आईच्या खात्यात आली. कागद पूर्ण असतील तर बँकेनं १५ दिवसांत दावा निकाली काढावा असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे, हे माहीत असलं म्हणजे विचारायला धीर येतो. नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा विश्वस्त असतो, मालकी वारसांचीच राहते, हेही तिथल्या मॅडमनी आईला नीट समजावून सांगितलं. आई मान डोलवत होती. घरी आल्यावर म्हणाली, "तू लिहिलंयस ना? मग वाच परत." मी वाचून दाखवलं. तेव्हा तिला पटलं.

याच महिन्यात वहीची घडी बसली. दर कामाला एक पान. वर कामाचं नाव. खाली प्रत्येक भेटीची तारीख, कुठल्या टेबलावर कोण भेटलं, काय दिलं, काय म्हणाले. आणि शेवटच्या ओळीत एकच प्रश्न: आता हे काम कुणाकडं आहे?

या शेवटच्या ओळीनं मला जितकं मोकळं केलं तितकं दुसऱ्या कशानं नाही. आपल्या डोक्यात सगळीच कामं सारख्याच आवाजात ओरडत असतात. पेन्शनचा अर्ज देऊन आले तरी रात्री पेन्शनचा विचार यायचाच. पण 'आता कार्यालयाकडं, १० फेब्रुवारीनंतर फोन करणे' असं लिहिलं की १० फेब्रुवारीपर्यंत तो विचार करायचं मला कारण उरायचं नाही. विचार यायचा, पण मला त्याला सांगता यायचं की तुझी तारीख लिहिली आहे. जिथं 'आता माझ्याकडं' असं लिहिलेलं असेल ती पानंच सकाळी उघडायची. ती कधीच दोन-तीनांपेक्षा जास्त नसायची.

भेट झाल्या झाल्या, तिथंच बाहेरच्या बाकावर बसून लिहायचं हा नियम मी कटाक्षानं पाळला. एसटीत बसल्यावर लिहू म्हटलं तर त्यांनी 'प्रतिज्ञापत्र' म्हटलं होतं की 'हमीपत्र' हे आठवेनासं होतं. लिहिताना शंका आली तर परत आत जाऊन विचारता येतं. फोनवर लिहिणाऱ्यांनी फोनवर लिहावं. मला टेबलासमोर वही बरी वाटली, कारण समोरच्यालाही दिसतं की आपण त्यांचं म्हणणं टिपून घेतोय, आणि तो जरा सावकाश, सविस्तर सांगतो.

झोपेबद्दल मला कुतूहल वाटलं म्हणून मी थोडं वाचलं. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात मायकल स्कलिन आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता, २०१८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ५७ तरुण माणसांना एक रात्र झोपेच्या प्रयोगशाळेत ठेवलं. झोपण्याआधी पाच मिनिटं काहींनी पुढं करायच्या कामांची यादी लिहिली, काहींनी झालेल्या कामांची. पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली, आणि यादी जितकी नेमकी तितकी झोप लवकर. छोटा प्रयोग आहे, त्यावर फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण नेमकेपणाचा मुद्दा मला माझ्या वहीत रोज दिसत होता. 'पतसंस्थेचं बघणे' असं लिहिलं की डोक्याला भुंगा लागलेलाच राहायचा. 'सोमवारी अकराला पतसंस्थेत जाऊन पावत्यांवर नॉमिनी आहे का ते विचारणे' असं लिहिलं की तो थांबायचा.

फेब्रुवारी ते मे: सातबारा

शेतीचं काम मला सर्वांत अवघड वाटत होतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधल्या कलम १४९ प्रमाणं वारसानं मिळालेल्या हक्काची खबर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला द्यायची असते. तलाठी या पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात अजून सगळे भाऊसाहेबच म्हणतात. ई-हक्क प्रणालीवरून ऑनलाइनही अर्ज करता येतो. आम्ही प्रत्यक्ष गेलो, कारण आईला समोर बसून विचारायचं होतं. भाऊसाहेबांकडं एकाहून जास्त गावं होती, ते आमच्या गावात ठरावीक वारीच येत. आधी फोन करून वार विचारून घ्या, नाहीतर फेरी फुकट जाते.

अर्ज, दाखला, सातबारा आणि ८अ (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनीचा खाते उतारा) चे उतारे, सगळ्या वारसांची आधार कार्डं आणि वारसांबद्दलचं प्रतिज्ञापत्र. मी वारसांची यादी लिहून नेली होती: आई, मी, भाऊ. भाऊसाहेबांनी ती वाचली आणि विचारलं, "ताई, गुरुजींच्या आई हयात आहेत ना?"

आजी होती. अंथरुणावर, पण होती. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणं मृत्युपत्र नसताना मुलाच्या मागे त्याची पत्नी आणि मुलंमुली यांच्याबरोबरीनं त्याची आईही पहिल्या वर्गाची वारस असते. हे आमच्या कुणाच्याच ध्यानीमनी नव्हतं. बाहेर येऊन पारावर बसून मी वहीत चौथं नाव लिहिलं. आईनं ते पाहिलं आणि म्हणाली, "बरं झालं. त्यांचाच पोरगा गेलाय." त्या दिवशी पहिल्यांदा मला जाणवलं की आम्ही सगळे आईकडंच बघत होतो, आणि आजीशी कुणी धड बोललंही नव्हतं. परत येताना आम्ही तिच्याजवळ बराच वेळ बसलो.

दुसरी अडचण नावाची. सातबाऱ्यावर अण्णांचं लहानपणी हाक मारायचं नाव लागलेलं, आधारवर शाळेतलं. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र द्यावं लागलं. सरकारी कार्यालयात सादर करायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. नोटरीचे दोनशे रुपये गेले. तुमच्या घरी वडीलधारे आहेत तोवर एकदा सातबारा उघडून नाव बघून घ्या. भूलेख संकेतस्थळावर तो पाहायला फुकट आहे आणि डिजिटल स्वाक्षरीचा उतारा १५ रुपयांत मिळतो.

आणि मग काकांचा फोन आला. माझे काका फार सरळ मनाचे. ते म्हणाले, "पोरी, नोंद लागली की भावाच्या नावानं हक्कसोड करून टाक. आपल्याकडं तशीच रीत आहे. तुला तिकडं काय कमी आहे?" त्यांच्या आवाजात दबाव नव्हता, त्यांना ते साहजिकच वाटत होतं. मी "बघू काका" म्हणून फोन ठेवला आणि दोन दिवस कुणाशी नीट बोलू शकले नाही. राग आला होता का? वाईट वाटलं होतं का? मला सांगता आलं नसतं.

तिसऱ्या रात्री मी वहीचं एक कोरं पान उघडलं. वर काही लिहिलं नाही. त्या पानावर जे आहे ते जवळजवळ तसंच देते.

मला जमीन कसायची आहे का? नाही.
विकायची आहे का? नाही.
पैसे हवेत का? नकोत.
मग सही करायला काय हरकत आहे?

इथं बराच वेळ पेन टेकवून ठेवल्याचा शाईचा डाग आहे.

नाव गेलं तर गावाला कशासाठी जायचं? पाहुणी म्हणून?
अण्णा दर उन्हाळ्यात बांधावरून चालत न्यायचे. भावालाही, मलाही. कधी म्हणाले नाहीत की ही त्याची आहे.
भावानं मागितलंय का? नाही. काकांनी मागितलंय. भावाला मी विचारलेलंच नाही.

शेवटची ओळ लिहिली आणि डोकं एकदम स्वच्छ झालं. दोन दिवस मी मनातल्या मनात भावाशी भांडत होते आणि त्याला याचा पत्ताही नव्हता. सकाळी त्याला फोन केला. तो म्हणाला, "तायडे, मी कुठं काय म्हटलंय? अण्णांच्या मागं सगळ्यांची नावं लागतील तशी लागू दे." उत्पन्न आईकडं जाईल, मोटारीचा आणि मजुरीचा खर्च तो बघेल, विकायचा विषय निघाला तर चौघांनी बसून बोलायचं, असं ठरलं. तेही वहीत लिहिलं आणि फोटो काढून त्याला पाठवला. काकांना मी स्वतः भेटून सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग चहा मागवला.

ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्या बहिणींसाठी: वारस नोंद आणि हक्कसोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वारस नोंदीत सगळ्या वारसांची नावं लागतात. हक्कसोडपत्र करायचं असेल तर ते दुय्यम निबंधकांकडं नोंदवावं लागतं. वारस नोंदीच्या कागदांच्या गठ्ठ्यात त्यावर सही घेतली जात असेल तर थांबा, कागद घरी आणा, वाचा. नाव ठेवायचं की सोडायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, पण तेराव्याच्या गर्दीत ठरवू नका.

भाऊसाहेबांनी नोंद धरली. आधी वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६क मध्ये, मग फेरफार, म्हणजे हक्कातल्या बदलाची नोंद. त्यानंतर कलम १५०(२) ची नोटीस निघते आणि हरकतीसाठी १५ दिवस थांबावं लागतं. या काळात कुणालाच काही करता येत नाही, भाऊसाहेबांनाही नाही. आपली चावडी या संकेतस्थळावर गावाचं नाव टाकलं की नोंद कुठल्या टप्प्यावर आहे ते दिसतं. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी, म्हणजे सर्कल, नोंद मंजूर करतात. आमच्याकडं मार्च अखेरीच्या कामांमुळं मधे बरेच दिवस काही हललं नाही. एप्रिल २०२५ मध्ये राज्यभर जिवंत सातबारा मोहीम सुरू झाली, मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावण्यासाठी, आणि तिच्यात आमच्या नोंदीलाही गती मिळाली. मे महिन्यात नवा उतारा निघाला. चार नावं. आजीला मोठ्यानं वाचून दाखवला.

काम थांबल्यावर

मला वाटलं होतं आता बरं वाटेल. झालं उलटंच. कामं संपत आली तसं अण्णांचं नसणं जास्त जाणवायला लागलं. वहीत लिहायला तारखा नव्हत्या, म्हणून मी रुग्णालयातल्या शेवटच्या दिवसांबद्दल लिहायला लागले. रोज रात्री, तेच. तोच पॅसेज, तोच मॉनिटरचा आवाज, तोच प्रश्न की दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं असतं तर. तास-तास लिहायचे आणि उठताना जास्त जड वाटायचं. झोप पुन्हा गेली.

म्हणजे लिहिणं नेहमीच मोकळं करतं असं नाही. हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं, म्हणून सांगतेय. जूनमध्ये एका रात्री मी टेली मानसच्या १४४१६ या नंबरवर फोन केला. केंद्र सरकारची ही सेवा २०२२ पासून आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. पलीकडच्या ताईंनी घाई न करता ऐकून घेतलं आणि जवळच्या समुपदेशकाला भेटायला सुचवलं. मी भेटले. समुपदेशक मॅडमनी वही बंद करायला सांगितली नाही. त्यांनी दोन गोष्टी बदलायला सांगितल्या. एक, पंधरा मिनिटांचा गजर लावायचा आणि तो वाजला की वाक्य अर्धं असलं तरी पेन ठेवायचं. दोन, जे घडलं ते लिहून झाल्यावर खाली 'मग' असं लिहून त्याच्या पुढचं लिहायचं. त्यानंतर काय झालं, त्या दिवशी कोण आलं, कुणी डबा आणला, आई काय म्हणाली.

भावना लिहून काढण्यावर जेम्स पेनबेकर या मानसशास्त्रज्ञानं १९८६ मध्ये केलेला अभ्यास गाजलेला आहे. त्यातही लोकांनी चार दिवस, दर दिवशी पंधराच मिनिटं लिहिलं होतं. मॅडमनी तो सांगितला तेव्हा मला हायसं वाटलं, की इतकं थोडं लिहूनही चालतं.

'मग' या शब्दानं मला रुग्णालयाच्या त्या पॅसेजमधून बाहेर काढलं. मग भाऊ पहाटेच्या गाडीनं पोहोचला होता. मग वॉर्डातल्या मावशींनी आईच्या पाठीवरून हात फिरवला होता. मग अण्णांचे जुने विद्यार्थी, पन्नाशीतले बाप्ये, गावाच्या वेशीपासून चालत आले होते. हे सगळं घडलेलं होतं, पण माझी गोष्ट दर रात्री मॉनिटरपाशीच संपत होती. दुसऱ्या डॉक्टरांच्या प्रश्नापुढं आजही आडवी रेघच आहे. तो प्रश्न येतो, पण आता रोज येत नाही.

उरलेलं

पतसंस्थेच्या ठेवींवर नामनिर्देशन नव्हतं, त्यामुळं ते काम सर्वांत लांबलं. सगळ्या वारसांचं हरकत नसल्याचं पत्र, दोन जामीनदार आणि इंडेम्निटी बाँड, म्हणजे पुढं कुणी दावा केला तर नुकसान भरून देण्याची हमी. बाँडसाठी ५०० रुपयांचा मुद्रांक लागला. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात जिथं १०० किंवा २०० चा मुद्रांक चालायचा अशा बहुतेक कागदांना ५०० चा लागतो, तेव्हा घरात जुना पडलेला असेल तर त्यावर विसंबू नका. आजीचा अंगठा घ्यायला तिथले कर्मचारी घरी आले, ते मात्र त्यांचे उपकार. एकदा फाईल सापडत नाही असं सांगितलं गेलं, तेव्हा मी वहीतलं पान उघडून कुठल्या तारखेला, कुठल्या टेबलावर दिली ते वाचून दाखवलं. आवाज चढवावा लागला नाही. फाईल अर्ध्या तासात मिळाली. पैसे ऑक्टोबरमध्ये आले.

नोव्हेंबरात आईचा पहिला हयातीचा दाखला दिला. हा दरवर्षी द्यावा लागतो, चुकला तर पेन्शन थांबतं. बँकेत तिनं स्वतः सही केली आणि घरी येऊन माझ्याकडून वही मागून घेतली. आता तिच्यासाठी वेगळी दोनशे पानी वही आणली आहे. पहिल्या पानावर तिनं अण्णांच्या डायरीतले नंबर उतरवून काढले, त्यात स्वतःच्या औषधांची नावं आणि दूधवाल्याचा हिशेब घातला.

माझ्या वहीत सध्या 'आता माझ्याकडं' अशी दोन पानं आहेत. वीजमीटर आईच्या नावावर करायचा. आणि आम्हा तिघांच्या सगळ्या खात्यांची नामनिर्देशनं तपासायची. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवीला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात. भाऊ डिसेंबरात वर्षश्राद्धाला येतोय, तेव्हा सगळी पासबुकं घेऊन यायला त्याला सांगितलंय.